दहावीची बॅच जमवताना

दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलं की आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, मग टी-शर्टाचा रंग ठरतो, आणि महिनाभरात ग्रुपवर सुप्रभातचे फोटो तेवढे उरतात. मार्च १९९४ मध्ये दहावीला बसलेल्या आमच्या वर्गाचं स्नेहमिलन अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, जुन्या हायस्कुलातच घ्यायचं पक्कं झालं, तेव्हा टी-शर्ट मागे ठेवले आणि दोन कामं पुढे घेतली: वर्गाची पूर्ण यादी आणि आठवणींची पुस्तिका. मांडव, जेवण, शाल-श्रीफळ ही कामं पैसे मोजले की होतात. यादी आणि आठवणी मात्र माणसांनी बसून कराव्या लागतात. त्यात कुठं कुठं अडतं ते आधी माहीत असलं तर पुढच्या बॅचचा वेळ वाचेल, म्हणून हे लिहून ठेवतो.

यादी निकालावरून करू नका, ही पहिली गोष्ट. खेड्यातल्या हायस्कुलात आठवीला दोन तुकड्या असतात आणि दहावीला पोचेस्तोवर त्यांची दीड होते. मधली पोरं कुठं जातात ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी नववीत नापास होऊन बसला, कोणाची आठवीनंतर सोयरीक जुळली, कोणी कापूस वेचायला म्हणून शाळा बुडवली ती कायमचीच. पण शाळेच्या आठवणी याच लोकांच्या जास्त पक्क्या असतात. त्यांचं शिकणं तिथंच थांबलं, त्यामुळे वर कॉलेजचा, होस्टेलचा थर चढला नाही. निकालाची यादी धरली की नेमके हेच सुटतात. मग ते गावातच राहत असूनही कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेरून निघून जातात.

खरी यादी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करायचा, कशासाठी पाहिजे ते स्पष्ट लिहायचं, आणि जून-जुलै टाळायचा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, दहावीचा निकाल लागलेला असतो, आणि बाबूंच्या टेबलासमोर टी.सी.ची रांग असते. ऑगस्टनंतर गेलं की निवांत बसून लिहून घेता येतं. रजिस्टरचे फोनवर फोटो मात्र काढू नका. त्यात जात असते, जन्मतारीख असते, शाळा सोडल्याचं कारण असतं, वागणुकीचा शेरा असतो. चार रकाने वहीत उतरवले की काम भागतं: रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, गाव, आणि कोणत्या वर्गात दाखल झाला. जन्मतारखा घेऊन तसाही उपयोग नाही. त्या काळी गुरुजींनी लावलेल्या तारखा १ जून नाहीतर १ जुलैच्या असत, त्यामुळे ग्रुपवर वाढदिवस साजरे करायला घेतले तर अर्ध्या वर्गाचा केक एकाच दिवशी कापावा लागेल.

रजिस्टर वर्गवार नसतं, दाखल झाल्याच्या क्रमानं असतं. म्हणून दहावी १९९४ ची पोरं एका ठिकाणी सापडत नाहीत. पाचवीला आलेली १९८८ च्या पानांवर असतात. आजूबाजूच्या ज्या खेड्यांत सातवीपर्यंतच शाळा होती, तिथली आठवीला आलेली १९९१ च्या पानांवर. तिसरा गट सगळ्यात फसवा: वरच्या बॅचमधून मागे राहून आपल्या वर्गात आलेले. त्यांची नोंद १९८७ ची किंवा आणखी जुनी असते आणि रजिस्टर कितीही चाळलं तरी ते ‘आपले’ म्हणून दिसत नाहीत. ते सापडतात हजेरीपटात, पण तीस वर्षांपूर्वीचे हजेरीपट उधईनं खाल्लेले असतात किंवा रद्दीत गेलेले. मग बाकावरून विचारावं लागतं: खिडकीच्या रांगेत शेवटच्या बाकावर कोण कोण बसे? या एका प्रश्नावर मागे राहिलेल्यांची नावं निघू लागतात, कारण ते उंच असत आणि मागेच बसत.

प्रत्येक नावापुढे बापाचं नाव, गाव आणि वर्गातलं हाक मारायचं नाव लिहा. आपल्याकडे एका वर्गात तीन-चार गजानन असणं नवलाचं नाही. ‘गजानन’चा फोन नंबर मिळाला म्हणून एखादा भलत्याच गजाननाला निमंत्रण देऊन मोकळा होतो. उलट ज्याला सगळे बाल्या म्हणून ओळखतात त्याचं रजिस्टरातलं नाव कोणालाच सांगता येत नाही.

वर्गातल्या बायांचा शोध हे वेगळंच काम आहे आणि ते वर्गातल्या बायांनीच केलं तर होतं. लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं नावही बदललं, त्यामुळे फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही. रस्ता माहेरातून जातो. भाऊ नाहीतर भावजय गाठायची, ‘बाई कुठं दिली’ ते विचारायचं, आणि नंबर मिळाला तरी सरळ ग्रुपमध्ये टाकायचा नाही. आधी वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीनं फोन करायचा, कोण कोण येणार ते सांगायचं, ग्रुपमध्ये यायचं की नुसता निरोप चालेल ते विचारायचं. पुष्कळजणी ग्रुप नको म्हणतात आणि कार्यक्रमाला मात्र वेळेआधी येतात. काहींच्या घरी फोन एकच असतो आणि तो पोराच्या हातात असतो. तिथं निरोप भाऊबीजेला माहेरी आल्यावर तोंडीच द्यायचा.

गेलेल्यांची यादी वेगळी करावी लागते. नाव त्यात टाकण्याआधी घरच्यांकडून खात्री करून घ्या, कारण गावोगावच्या ऐकीव बातमीत जिवंत माणूसही जातो. कसा गेला हे पुस्तिकेत लिहू नका. आपल्या भागात बऱ्याच घरांना तो प्रश्नच नको असतो. नाव, गाव, कोणत्या वर्षापर्यंत वर्गात होता आणि जमलं तर वर्गातली एक ओळ, एवढं पुरे.

आता आठवणी. ‘शाळेच्या आठवणी लिहून पाठवा’ असा निरोप टाकला की येतं काय? ‘ते सोनेरी दिवस’, ‘गुरुजनांचे संस्कार’, ‘विसरता न येणारे क्षण’. पन्नास जणांनी लिहिलेलं एकाच्याच हातचं वाटतं. आठवण सरळ मागितली की माणूस भाषण देतो, वस्तू विचारली की आठवण सांगतो. म्हणून आम्ही निरोपाऐवजी प्रश्न पाठवले. शाळेत कोणत्या वाटेनं येत होता आणि नाला आला की कुठून उतरत होता? डब्यात काय असे, आणि डबा कशाचा होता? पाणी रांजणाचं की हातपंपाचं, आणि पंप कोण हापसे? फाटकाजवळ काय काय विकायला असे आणि चार आण्यात काय येई? घंटा कशाची होती? छडी कोणत्या झाडाची असे आणि ती तोडून आणायला कोणाला पाठवत? पाचवीत एबीसीडी पहिल्यांदा फळ्यावर आली तेव्हा वही दोन रेघांची होती की चार?

हा शेवटचा प्रश्न आमच्या वयाच्या लोकांना हमखास लागू पडतो, कारण तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून ती २००० मध्ये आली. घंटेच्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच, रुळाचा तुकडा. मात्र तो कशावर टांगला होता यावर मतभेद, आणि त्या मतभेदातून शिपाईकाकांच्या दहा गोष्टी बाहेर पडतात. छडीच्या उत्तरात बेशरमाची ओली काडी वरचढ, त्याखालोखाल निंबाची. फाटकाजवळ बोरकूट, चिंचेचे गोळे, उन्हाळ्याच्या तोंडाशी टेंभरं. पावसाळ्याबद्दल विचारायचं तर छपराबद्दल विचारा. कवेलूचं होतं तिथं गळक्या जागा आणि खाली ठेवलेली बादली आठवते, टिनाचं होतं तिथं सर फळ्यावर लिहून दाखवत कारण आवाज पोचत नसे.

उत्तरं ग्रुपवर मागू नयेत. एकानं गणिताच्या सरांची गोष्ट टाकली की पुढचे वीस जण तीच थोडी वाढवून टाकतात. एकच नंबर द्या, तिथं प्रत्येकानं आपापलं पाठवायचं. लिहून नको, बोलून पाठवा म्हणावं. लिहायला बसलं की माणूस निबंधाच्या भाषेत जातो, बोलताना आपल्या. तीन मिनिटांचं बोलणं उतरवलं की पुस्तिकेचं साधारण एक पान भरतं. उतरवून घेण्याचं काम फोनवर सोपवता येत नाही. बोली वऱ्हाडी लागली की तो काहीच्या बाही उठवतो. तिघांनी वाटून घ्यावं आणि हातानंच टाइप करावं.

आणि उतरवताना भाषा दुरुस्त करू नये. आमच्याकडे यावर बराच वाद झाला. बाहेरगावी नोकरीला गेलेल्यांचं म्हणणं असं, की छापील पुस्तकात शुद्ध पाहिजे. पण ‘सर मारे पन शिकवे बी, आता कोनी मारत नाई अन् शिकवतबी नाई’ हे वाक्य प्रमाण मराठीत घातलं की त्यातलं सरांवरचं प्रेमही जातं आणि टोमणाही. शेवटी ठरलं ते असं: बोललेलं आहे ते बोलल्यासारखं, लिहून आलेलं आहे ते लिहिल्यासारखं, आणि नावं तेवढी रजिस्टरप्रमाणे.

साल लावताना फार घोळ होतो. ‘आठवीत असताना’ आणि ‘नववीत असताना’ यांची बोलताना सर्रास अदलाबदल होते. त्यासाठी खुंट्या लागतात. आमच्या पट्ट्यात पहिली खुंटी मोवाडचा पूर, ३० जुलै १९९१. वर्धा नदीचा तो पूर या भागात कोणी विसरलेला नाही, आणि तेव्हा आम्ही नुकतेच आठवीत होतो. दुसरी, किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, म्हणजे दहावीचं पहिलं सत्र. तिसरी, नागपूरला गोवारी मोर्चात झालेली चेंगराचेंगरी, २३ नोव्हेंबर १९९४. तोवर आम्ही शाळेबाहेर पडलो होतो. कुठलीही आठवण यातल्या कोणत्या घटनेच्या आधीची की नंतरची एवढं विचारलं की वर्ग ठरतो. सरांची बदली, नव्या खोलीचं बांधकाम, वीज आली ते वर्ष, हे सगळं असं लागत गेलं.

काय छापायचं नाही हेही आधी ठरवा. व्यंगावरून किंवा जातीवरून पडलेली नावं गाळायची, हसून ‘चालते ना बे’ म्हटलं तरी गाळायची, कारण पुस्तिका त्याच्या पोरांच्या हातात जाणार असते. कोणाचं कोणावर मन होतं ते तर अजिबात नाही. ग्रुपवर त्यावर कितीही हशा पिकला तरी ती बाई नवऱ्यासोबत येणार असते. माराच्या गोष्टी ठेवाव्यात, सरांचं नाव गाळावं. ज्यांना कळायचं त्यांना कळतंच, आणि ते सर पहिल्या रांगेत बसलेले असतात.

फोटोंचं काम नाजूक आहे. निरोप समारंभाचा वर्गाचा फोटो बहुतेकांच्या घरी फ्रेम करून भिंतीवर असतो आणि ओलीनं काचेला चिकटलेला असतो. तो ओढून काढू नका. चित्राचा थर काचेवरच राहतो आणि चेहरेच आधी जातात. काच साफ पुसून, फ्रेम सावलीत उभी करून, काचेतूनच फोटो घ्या. काढणाऱ्याच्या मागे काळी चादर धरली की काचेत उजेड दिसत नाही. सुटा फोटो मिळाला तर फोनपेक्षा स्कॅनर बरा, पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय ठेवा म्हणजे मोठा करून छापता येतो. मग त्याची ए-थ्री झेरॉक्स काढायची, प्रत्येक चेहऱ्यावर पेनानं नंबर घालायचा आणि ‘चौदा नंबर कोण?’ असं एकेक करून विचारायचं. ‘ओळखा पाहू’ म्हणून अख्खा फोटो टाकला की सगळे स्वतःलाच शोधून थांबतात. नावं छापताना ‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून हे लिहाच, नाहीतर एक अख्खी रांग उलटी लागते.

छपाईत मुख्य अडचण फॉन्टची. आपण फोनवर टाइप करतो ते युनिकोडमध्ये, आणि तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. बदलून घेताना रफार दुसऱ्याच अक्षरावर जातो, ‘ऱ्या’ तुटतो, आणि आपल्या मजकुरात तर ‘वऱ्हाडी’, ‘शेतकऱ्याचा’, ‘गोवऱ्या’ पानोपानी असतात. प्रूफ वाचताना आधी फक्त ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ शोधत जावं, मग बाकीचं. नावाची पानं ज्याची त्याला फोटो काढून पाठवावीत आणि होकार आल्याशिवाय सोडू नयेत. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. ४८ पानं असतील तर आत ७० किंवा ८० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद आणि वर २५० जीएसएमचं कार्ड चालतं. शे-सव्वाशे प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, डिजिटलच करावं.

तारीख ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. मे महिन्यात बाहेरगावचे सुट्टीवर असतात, पण ४५ डिग्रीत सत्तरी ओलांडलेल्या सरांना मांडवात बसवणार कसं? त्यात लग्नसराई. जून-जुलैत पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे कापूस, आंबिया बहाराचा संत्रा तोडायला येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर. शेतकऱ्याला मोकळा असा महिना नाहीच, एखादा दिवस तेवढा मिळतो. तो दिवस म्हणजे भाऊबीजेनंतरचा रविवार. बाया माहेरी असतात, पुण्या-सुरतेकडचे अजून गावात असतात, आणि वेचणीला एक दिवस खाडा चालतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते म्हणून किल्ल्या, पाण्याची टाकी आणि संडास यांचं शिपाईदादांशी आदल्या आठवड्यातच बोलून ठेवायचं. लाउडस्पीकरला जनरेटर लागतो, शाळेच्या विजेवर भरवसा ठेवू नये.

दिवसाचं वेळापत्रक फार भरू नये. नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले आपले शिक्षक आता पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. त्यांना गाडी पाठवा, हातांची खुर्ची द्या, सत्कार सुरुवातीलाच उरका आणि एकच्या ठोक्याला जेवायला बसवा. शिपाईकाकांचा सत्कार सरांच्याच रांगेत, तशाच शालीनं. दोन-चार वर्गमित्रांना आपल्या यशाबद्दल बोलायची फार हौस असते. त्यांना माइक जेवणानंतर द्यावा.

सगळ्यात जमणारा भाग म्हणजे हजेरी. जुनेच रोल नंबर मिळाले तर उत्तम, नाहीतर त्या वेळची रीत लावायची: आधी मुलं, मग मुली, आडनावाच्या अक्षरक्रमानं. सर नाव घेतात आणि पन्नाशीला टेकलेला माणूस उभा राहून ‘हजर सर’ म्हणतो. नाव रजिस्टरातलंच घ्या, बायांचं माहेरचं. गेलेल्यांची नावं मात्र हजेरीत मिसळू नका. मध्येच उत्तर न आलेलं नाव लागलं की वाचणाऱ्या सरांचाच आवाज बसतो आणि पुढची हजेरी होत नाही. ती नावं सुरुवातीला वेगळी वाचावीत, त्यांच्या घरचे आलेले असतील तर त्यांना समोर बसवून.

जेवण आमच्याकडे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. साठ माणसांना जाडसर दळलेली कणीक बारा-तेरा किलो, तूरडाळ चार किलो, वांगी दहा किलो, तूप दोन किलो. रोडग्यासाठी लहान पोळ्या एकावर एक ठेवून वरून मोठ्या पोळीत बांधायच्या आणि गोवऱ्यांच्या आरात भाजायच्या. जाळ असताना टाकले तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. म्हणून गोवऱ्या अकरालाच पेटवाव्या लागतात, आणि त्या वाळलेल्याच पाहिजेत, नाहीतर धुरानं निम्मा मांडव उठतो.

वर्गणीचा आकडा एकच ठेवा आणि कोणी किती दिले ती यादी ग्रुपवर टाकू नका. ज्याला जमत नाही तो त्या यादीमुळेच येत नाही. पैसे एकाच्या खासगी खात्यात घेण्यापेक्षा दोघांच्या नावे खातं उघडलेलं बरं, घरखर्चात मिसळलं की हिशोब निघत नाही. शाळेला काय द्यायचं ते मुख्याध्यापकांना विचारून ठरवा. आरओ आणि वॉटर कूलर हौसेनं देतात आणि फिल्टर बदलायला कोणी नसल्यानं वर्ष-दीड वर्षात ते कोपऱ्यात जातात. बाक, पुस्तकांचं कपाट, मुलींच्या संडासाची दुरुस्ती हे टिकतं. वस्तू दिली की ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवून घ्या आणि पैसे दिले तर शाळेच्या खात्यावर चेकनं, पावती घेऊन.

पुस्तिकेच्या प्रती यादीतल्या नावांपेक्षा वीस-पंचवीस जास्त काढा. न आलेल्यांच्या प्रती त्यांच्या गावच्या वर्गमित्राकडे द्यायच्या, गेलेल्यांच्या घरी कोणीतरी स्वतः जाऊन. शाळेच्या वाचनालयात दोन. हातात पडल्या दिवसापासून चुका निघतात, कोणाच्या बापाचं नाव चुकलं, कोणाचं गाव. त्या एका वहीत लिहून ठेवा, आणि डीटीपीवाल्याकडून पीडीएफसोबत मूळ फाईलही पेनड्राइव्हवर मागून घ्या. दुसरी आवृत्ती काढायची वेळ येते तेव्हा त्यानं कॉम्प्युटर फॉरमॅट मारलेला असतो.